वादळग्रस्त छपरे व घरे : हानी आणि दुरुस्ती

तीव्र वादळातील वारा, पाऊस व कोसळणारी झाडे यांमुळे घराचे छप्पर, भिंती आणि अंतर्भाग यांना पोहोचलेल्या हानीची पाहणी, तात्पुरते आच्छादन व कायम दुरुस्ती या सर्व बाबींचा या विषयात समावेश होतो. वादळात सर्वांत आधी निकामी होणारा घराचा भाग म्हणजे छप्पर होय. छप्पर उघडे पडले, की पावसाचे पाणी भिंतींत मुरते, भिंतींचा माथा सैल होतो आणि धान्य, कपडे, विजेची जोडणी व कागदपत्रे यांची नासाडी होते. यामुळे प्रत्यक्ष वाऱ्याने झालेल्या हानीपेक्षा नंतरच्या काही दिवसांत पावसाने होणारी हानी पुष्कळदा अधिक असते. छपराची दुरुस्ती म्हणजे उडालेली कौले किंवा पत्रे परत घालणे एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. तथापि ज्या उणिवेमुळे छप्पर उडाले ती तशीच राहिली, तर पुढील वादळात तेच छप्पर त्याच ठिकाणी पुन्हा उडते. आच्छादन, लाकडी सांगाडा, भिंत व पाया ही एका साखळीप्रमाणे परस्परांस बांधणे हे खऱ्या दुरुस्तीचे उद्दिष्ट होय. प्रस्तुत नोंदीत कोकण किनाऱ्यावरील कौलारू व पत्र्याच्या घरांच्या संदर्भात या विषयाचे विवेचन केले आहे.

कोकणातील वादळे : भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा स्थिर वेग ताशी ६२ ते ८८ किमी. असल्यास त्या प्रणालीस चक्री वादळ व ८९ ते ११७ किमी. असल्यास तीव्र चक्री वादळ म्हणतात. अरबी समुद्रात बंगालच्या उपसागराच्या मानाने वादळे कमी निर्माण होतात व त्यांपैकीही थोडीच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येतात. त्यामुळे येथील घरबांधणीच्या परंपरेत पावसाचा विचार जितका बारकाईने झालेला आहे, तितका वादळी वाऱ्याचा झालेला नाही. २२ नोव्हेंबर १९४८ रोजीचे मुंबईवरील वादळ आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजी मुंबई व अलिबाग यांच्या दरम्यान किनारा ओलांडणारे ‘फयान’ ही येथील उल्लेखनीय वादळे होत. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्री वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी. व झोतांचा वेग १३० किमी. पर्यंत होता. रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन व म्हसळा आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांत घरांची आणि नारळ-पोफळीच्या वाड्यांची मोठी हानी झाली. पाठोपाठ ११ जूनला नैर्ऋत्य मोसमी पाऊस दक्षिण कोकणात पोहोचला. म्हणजे घर झाकण्यास जेमतेम आठवडाभराचा अवधी मिळाला व तोही साथीच्या रोगामुळे वाहतूक आणि मजूर यांवर निर्बंध असताना. १६ व १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ हे वादळ कोकण किनाऱ्यास समांतर जाऊन गुजरातमध्ये दीवजवळ किनाऱ्यावर आले. वादळाचे केंद्र समुद्रातच राहिले, तरी किनाऱ्यावरील छपरांना धोका संभवतो हे या वादळाने दाखवून दिले.

घराची रचना : कोकणातील पारंपरिक घर जांभ्याच्या चिऱ्यांच्या जोत्यावर उभे असते. भिंती चिऱ्यांच्या व जुन्या घरांत पुष्कळदा मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जांच्या असतात. मध्यभागी उंच आढे, त्यावरून दोन्ही बाजूंस उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा व रिपांवर कौले अशी छपराची मांडणी असते. छप्पर दुपाखी किंवा चौपाखी असून पाख्यांचा उतार साधारणतः २५ ते ३५ अंशांचा असतो. पुढे-मागे कमी उताराची पडवी काढलेली असते. पूर्वी हाताने घडविलेली नळीची कौले वापरीत. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर परस्परांत अडकणारी सपाट मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंटचे पन्हळी पत्रे व जस्तलेपित लोखंडी पत्रे यांचा वापर पडव्या, गोठे, न्हाणीघरे, शाळा इत्यादींसाठी आणि पुढे राहत्या घरांसाठीही वाढत गेला. जुन्या छपरात सांगाड्याचे बहुतेक भाग खाचा, खुंट्या व स्वतःचे वजन यांवरच टिकून असतात. अशी मांडणी खाली दाबणाऱ्या भाराविरुद्ध उपयोगी पडते, परंतु वर उचलणाऱ्या भाराविरुद्ध तिला मर्यादा पडते.

हानीची कारणे : वारा छपराला ढकलून पाडतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक छपरे वर उचलली जातात. वारा घरावर आदळून आढ्यावरून व कडांवरून वळताना प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो व तेथे हवेचा दाब घटून शोषण निर्माण होते. हे शोषण वळचणीच्या कडा, आढ्यालगतचा पट्टा व पाख्यांचे कोपरे या ठिकाणी सर्वाधिक असते. म्हणूनच हानीचा प्रारंभ जवळजवळ नेहमी कडेपासून होतो. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचे एखादे दार किंवा खिडकी मोडल्यास हवा आत कोंडून छपरास खालून ढकलते. बाहेरचे शोषण व आतील दाब यांची बेरीज झाली, की छप्पर सुटते. वादळात वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवावी, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे, कारण वादळ पुढे सरकताना वाऱ्याची दिशा बदलते व उघडी खिडकी वाऱ्यासमोर येते. सर्व दारे-खिडक्या घट्ट बंद ठेवणे हेच योग्य होय.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक ८७५ (भाग ३) यात दिलेल्या सूत्रानुसार वेग मीटर प्रति सेकंद या एककात घेतल्यास, वेगाच्या वर्गाला ०·६ ने गुणले असता प्रति चौ. मी. दाब न्यूटनमध्ये मिळतो. या मानकात मुंबईसाठी मूलभूत वेग ४४ मी. प्रति सेकंद धरलेला आहे. ‘निसर्ग’ वादळातील ताशी १३० किमी. चा झोत म्हणजे सु. ३६ मी. प्रति सेकंद होय. त्याचा दाब प्रति चौ. मी. सु. ७८० न्यूटन, म्हणजे सु. ८० किग्रॅ. भाराइतका होतो. छपराच्या कडेच्या पट्ट्यात बाहेरील शोषण या दाबाच्या १·२ पट व आतील दाब ०·५ पट धरल्यास एकूण उचल १·७ पट, म्हणजे प्रति चौ. मी. सु. १३६ किग्रॅ. इतकी येते. याच्या उलट रिपांसह मंगलोरी कौलांचे वजन प्रति चौ. मी. सु. ६५ किग्रॅ., सिमेंटच्या पत्र्याचे सु. १५ किग्रॅ. आणि पातळ लोखंडी पत्र्याचे अवघे ५ किग्रॅ. च्या आसपास असते. दाट झाडीत वसलेल्या ठेंगण्या घरावर वाऱ्याचा वेग याहून कमी असतो व कौलांच्या फटींतून हवा निसटत असल्याने त्यांच्यावरील उचलही काहीशी घटते. तरीही या आकड्यांवरून एक गोष्ट निश्चित होते : केवळ वजनाच्या आधारावर कोणतेही प्रचलित छप्पर तीव्र वादळात सुरक्षित मानता येत नाही. तीन चौ. मी. च्या लोखंडी पत्र्याचे वजन सु. १५ किग्रॅ. असते, परंतु कडेला असल्यास त्यावर ४०० किग्रॅ. इतकी उचल येऊ शकते. हा सारा भार त्याच्या मोजक्या बोल्टांना पेलावा लागतो.

हानीचे प्रकार : (१) आच्छादनाची हानी : वळचणीची व आढ्यावरची कौले प्रथम उडतात. एक ओळ सुटली, की पुढील ओळीचा अडकाव जातो आणि पाखा वेगाने उघडा पडतो. पत्रे बोल्टांभोवती फाटतात किंवा बोल्टांसह उपसले जातात. सुटलेला पत्रा हा पात्यासारखा उडत असल्यामुळे माणसांना व शेजारच्या घरांनाही धोकादायक ठरतो. (२) सांगाड्याची हानी : पत्रे खाली घट्ट बसविलेले, पण ज्या तुळयांवर ते बसविले त्या भिंतीला बांधलेल्या नसतील, तर संपूर्ण सांगाडाच उचलला जातो. (३) पडवीची हानी : पडवी पुढून मोकळी असल्याने वारा तिच्याखाली शिरतो व वरून शोषण होते. पडवीचे वासे घराच्या मुख्य वाशांनाच जोडून लांबविलेले असतील, तर उडणारी पडवी मुख्य छपराची कडही उपसून नेते. (४) झाडांमुळे होणारी हानी : वाडीतील नारळ, आंबा, फणस इ. झाडे पडल्यास आढे व तुळया मोडतात आणि भिंतीच्या माथ्यावर तडाखा बसतो. (५) भिंतींची हानी : छपराचा आधार व भार नाहीसा झाल्यामुळे भिंतीचा त्रिकोणी माथा बाहेर कलतो व मातीच्या दर्जा पावसाने धुपून चिरे सुटतात.

तातडीचे उपाय : वादळाच्या केंद्रभागी काही काळ वारा पडतो व त्यानंतर उलट दिशेने पुन्हा सुरू होतो. म्हणून वारा थांबताच बाहेर पडू नये. अधिकृत सूचना मिळेपर्यंत थांबावे. मृत्यू व दुखापती यांचे मोठे प्रमाण वादळानंतरच्या कामांत आढळते. तुटलेल्या विजेच्या तारा, कललेल्या भिंती, अर्धवट पडलेली झाडे, ओल्या कौलांवरून घसरणे व सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटून खाली पडणे ही त्यांची नेहमीची कारणे होत. घरात शिरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा व गॅसच्या टाकीची झडप बंद असल्याची खात्री करावी. भिजलेली जोडणी तंत्रज्ञाने तपासल्याखेरीज वीजपुरवठा सुरू करू नये. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय न देता खालच्या तुळयांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच वावरावे. कमरेला दोर बांधून तो सांगाड्याच्या शाबूत भागास अडकवावा. दोर मोडक्या वाशाला बांधू नये. छपरावर पडलेले झाड एकदम ओढून काढल्यास त्याच्या भाराने तोललेली भिंत वा तुळई अचानक कोसळते. आधी आतून टेकू द्यावेत, मग फांद्या व शेंड्याकडचा भाग यांपासून आरंभ करून खोडाचे लहान तुकडे करून ते दोराने उतरवावेत.

पाहणी व नोंद : मलबा हलविण्यापूर्वी घराची सर्व बाजूंनी व आतून छायाचित्रे घ्यावीत. मोडलेले वासे, तुळया, फुटलेली कौले व उडालेले पत्रे यांची खोलीवार मोजणी लिहून ठेवावी. शासकीय मदतीसाठी होणारा पंचनामा व विमा असल्यास विमादाराची पाहणी या दोन्हींस ही नोंद उपयोगी पडते. पंचनाम्याच्या प्रतीक्षेत घर उघडे ठेवण्याचे कारण नाही. छायाचित्रे व मोजणी झाल्यावर तात्पुरते आच्छादन घालण्यास विलंब करू नये, मात्र मोडलेले भाग आवारात एकत्र राखून ठेवावेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये उभारलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ठराविक निकषांनुसार मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या निकषांत पूर्णतः नष्ट झालेल्या घरास सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि किमान १५ टक्के हानी झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये व कच्च्या घरास ४,००० रुपये मदत होती. राज्य शासन स्वतःच्या निधीतून भर घालू शकते. ‘निसर्ग’ वादळानंतर महाराष्ट्र शासनाने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० रुपयांवरून १,५०,००० रुपयांपर्यंत वाढविली होती. अंशतः हानीसाठी मिळणारी रक्कम संपूर्ण पाखा पुन्हा उभारण्यास पुरत नाही. तिचा विनियोग प्रथम कोठे करावयाचा हे ठरविण्यासाठी तरी हानीची पाहणी शास्त्रीय असणे आवश्यक ठरते.

पाहणीचा क्रम खालून वर असावा. प्रथम जोते व भिंती, नंतर भिंतमाथ्यावरच्या तुळया, त्यानंतर आढे, वासे व रिपा आणि शेवटी आच्छादन असे पाहत जावे. भिंत ओळंब्याने तपासावी. कोपऱ्यातील उभी फट, तुळईच्या टोकाखालील तडा व भिंतीला आलेला फुगवटा या खुणा गंभीर समजाव्यात. अशा भिंतीवर नवे छप्पर चढविणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय. लाकडाची परीक्षा टोकदार हत्याराने टोचून करतात. भिंतीत गेलेली टोके ओल व वाळवी यांमुळे आतून पोकळ झालेली आढळतात.

तात्पुरते आच्छादन : यासाठी जाड ताडपत्री सर्वांत उपयुक्त असते. तिची एक कड वळचणीखाली व दुसरी कड आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर किमान एक मीटर गेली पाहिजे. आढ्याच्या अलीकडेच संपविलेल्या ताडपत्रीखाली पाणी शिरते. कड एका रिपेभोवती दोन-तीन वेळा गुंडाळून ती रीप वाशांना खिळ्यांनी पक्की करावी. नुसत्या कडेच्या भोकांतून दोरी ओवल्यास वाऱ्याने भोके फाटतात. दगड, विटा वा कौलांचे तुकडे वजन म्हणून ठेवू नयेत, कारण ते पुढील वाऱ्यात घरंगळून इजा करतात. दोन ताडपत्र्यांचा जोड सु. ३० सेंमी. एकावर एक घ्यावा व वरची खालचीवर यावी. मधे पाणी साचू नये म्हणून ती ताणून बसवावी. सर्व घर एकाच वेळी झाकण्याइतके साहित्य नसल्यास माजघर किंवा स्वयंपाकघर यांपैकी एक भाग व भिंतींचे उघडे माथे यांना अग्रक्रम द्यावा. पडवी व गोठा यांवरील शाबूत कौले उतरवून ती राहत्या खोल्यांवर घालणे हाही चांगला उपाय आहे.

कायम दुरुस्ती : छपरावर येणारी उचल कौलाकडून रिपेकडे, रिपेकडून वाशाकडे, वाशाकडून तुळईकडे, तुळईकडून भिंतीकडे व तेथून पायाकडे जाते. यांतील प्रत्येक सांधा ओढीविरुद्ध बांधलेला असावा लागतो. एकही दुवा नुसता टेकलेला राहिल्यास बाकीच्या बांधणीचा उपयोग होत नाही. कमी उंचीच्या घरांची वादळरोधकता वाढविण्याविषयी भारतीय मानक १५४९८ (२००४) हे मार्गदर्शक उपलब्ध आहे.

भिंत व तुळई यांचा सांधा सर्वांत दुर्लक्षित असतो. भिंतीच्या माथ्यावर सलग सलोह काँक्रीटचा पट्टा घालून त्यात बोल्ट रोवणे हा उत्तम उपाय होय. जुन्या भिंतीत हे शक्य नसल्यास तुळईवरून घेतलेली लोखंडी सळई भिंतीत काही थर खाली नेऊन आडव्या पट्टीला अडकवितात. सळई किती खोल न्यावी हे भिंतीच्या वजनावरून ठरते. ३० सेंमी. जाडीच्या जांभ्याच्या भिंतीचा ६० सेंमी. उंचीचा भाग, घनता प्रति घ. मी. २,००० किग्रॅ. धरल्यास, दर मीटर लांबीस सु. ३६० किग्रॅ. भरतो. भिंतीवर येणाऱ्या पाख्याची रुंदी तीन मी. असून कडेच्या पट्ट्यातील उचलीचाच आकडा धरला, तर कौलांचे वजन वजा जाता दर मीटरला सु. २१० किग्रॅ. निव्वळ उचल उरते व ६० सेंमी. खोली पुरते. त्याच घरावर कौलांऐवजी पत्रा घातला व सांगाड्यासह त्याचे वजन प्रति चौ. मी. १५ किग्रॅ. धरले, तर निव्वळ उचल ३६० किग्रॅ. च्या घरात जाते. तेव्हा काहीच राखीव बळ उरत नाही व सळई ९० सेंमी. किंवा त्याहून खोल न्यावी लागते. हे गणित ढोबळ असले, तरी कौले काढून हलका पत्रा घालताना बांधणी वाढविणे का अटळ आहे हे त्यावरून कळते.

वासे व तुळई यांच्या सांध्यावर केवळ तिरपा खिळा न ठोकता जस्तलेपित लोखंडी पट्टी दोहोंवरून वळवून दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी पक्की करावी. समोरासमोरचे वासे आढ्यावर पट्टीने परस्परांस जोडावेत. मोडलेल्या वाशाला शेजारी दुसरे लाकूड जोडावयाचे झाल्यास दोन्ही मोडीच्या पलीकडे पुरेसे लांब घेऊन बोल्टाने आवळावे. नवे लाकूड वाळलेले असावे. पडलेल्या झाडांचे ओले लाकूड लगेच वापरल्यास ते आकसून सांधे सैल होतात. भिंतीत जाणाऱ्या टोकांना वाळवीरोधक लावावे. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत साधे खिळे व पट्ट्या काही वर्षांतच गंजतात, म्हणून जस्तलेपन नसलेले साहित्य वापरू नये.

मंगलोरी कौलाच्या मागील बाजूस तार ओवण्यासाठी भोक असते, परंतु बहुतेक घरांत त्याचा उपयोग केलेला नसतो. सर्व कौले बांधणे खर्चाचे वाटल्यास निदान वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्यालगतच्या ओळी व पाख्यांच्या दोन्ही टोकांकडील उभे पट्टे तांब्याच्या किंवा जस्तलेपित तारेने रिपांना बांधावेत. रिपाही प्रत्येक वाशाला पक्क्या असाव्यात. आढ्यावरची कौले चुनामिश्रित गिलाव्यात बसवावीत. पत्र्यांच्या बाबतीत आकड्याचे बोल्ट रुंद चकतीसह वापरावेत, म्हणजे पत्रा बोल्टाभोवती फाटत नाही. कडेच्या पट्ट्यात बोल्टांमधील अंतर मधल्या भागाच्या निम्मे ठेवावे. वळचण फार बाहेर काढल्यास उचल वाढते, पण कोकणातील पावसात जांभ्याच्या भिंतीच्या रक्षणासाठी ती आवश्यकही असते. यावर पडवीचे छप्पर स्वतंत्र तुळईवर व मुख्य छपरापासून अलग ठेवणे हा तोडगा चांगला होय. त्यामुळे पडवी गेली तरी घर राहते.

कौले की पत्रा : वादळानंतर कौलांचा तुटवडा पडतो, मंगलोरी कौलांचे अनेक जुने कारखाने बंद झालेले आहेत व कुशल सुतारही सर्वांना एकाच वेळी हवे असतात. या स्थितीत अनेक कुटुंबे पत्र्याकडे वळतात. पत्रा लवकर बसतो, गळत नाही व दरवर्षी चाळावा लागत नाही. उलटपक्षी तो उन्हात तापतो, पावसात आवाज करतो व निष्काळजीपणे बसविल्यास अखंड उडून जातो. कौलारू छपराची हानी सुट्या तुकड्यांत होते व तितकीच कौले बदलून भागते. जुना सांगाडा कौलांच्या भारासाठी जुळविलेला असतो. त्यावर फक्त पत्रा चढविल्यास त्याला वजनाचा मिळणारा आधार जातो व नवी बांधणी मात्र होत नाही. वादळानंतर केलेल्या घाईच्या दुरुस्तीतील हा सर्वांत मोठा दोष होय. निवड कोणतीही केली, तरी बांधणीवरील खर्च आच्छादनाच्या खर्चातून कापू नये.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टसचे तंतू असतात व त्यांची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार संभवतात. असे तुकडे पाण्याने भिजवून, नाक-तोंड योग्य मुखवट्याने झाकून उचलावेत. ते करवतीने कापू, झाडूने कोरडे झाडू किंवा रस्त्याच्या भरावासाठी कुटू नयेत. जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून वेगळे ठेवावेत व स्थानिक प्रशासनाच्या सूचनेनुसार त्यांची विल्हेवाट लावावी.

अंतर्भागाची दुरुस्ती : छप्पर झाकल्यावर दिवसा दारे-खिडक्या उघडून भिंती वाळू द्याव्यात. ओल्या जांभ्याच्या भिंतीवर लगेच सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते व गिलावा सुटतो. तो पावसाळा संपून भिंत पूर्ण वाळल्यावर करावा. धुपलेल्या दर्जा तोवर चुन्याने किंवा मूळ मिश्रणाने भरून घ्याव्यात. बुरशी आलेले पृष्ठभाग घासून धुवावेत. भिजलेले धान्य खाण्यास वापरू नये. विहिरीत कचरा वा सांडपाणी गेले असल्यास ती उपसून निर्जंतुक केल्यावरच पाणी प्यावे.

प्रतिबंधक देखभाल : कोकणात पावसाळ्यापूर्वी शाकारणीची प्रथा आहे. या वेळी कौले उतरवून झाडतात, फुटकी बदलतात व रिपा तपासतात. छपराचा सांगाडा वर्षातून एकदा दृष्टीस पडण्याची ही एकमेव संधी असते. तीच वेळ सांधे बांधण्यास, वाळवी पाहण्यास व तारा बदलण्यास योग्य असते. दरवर्षी एका पाख्याचे सांधे पक्के केले, तरी दोन ते चार वर्षांत बहुतेक घरांचे मुख्य छप्पर पूर्ण बांधले जाते व एकदम मोठा खर्च येत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणारी वादळे मुख्यतः मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत संभवतात. त्यामुळे शाकारणी मे महिन्याच्या मध्यापूर्वी आटोपणे व पावसाळ्यानंतर छपराच्या कडा पुन्हा तपासणे हिताचे ठरते. घरावर झुकलेल्या फांद्या छाटणे, पोखरलेली माडाची झाडे वेळीच काढणे, दारे-खिडक्यांना आतून भक्कम अडसर बसविणे आणि शंभर-दोनशे जादा कौले, ताडपत्री, दोर व खिळे घरी राखून ठेवणे या उपायांना फारसा खर्च येत नाही. वादळ व पाऊस यांमधील अल्प अवधीत छप्पर झाकणे त्यांमुळेच शक्य होते.